रेघ तुकड्यावर राहिली

दप्तरखान्याच्या दारावर पाटी होती – ‘आत पेन नेऊ नये.’ लोक पेन काढून तिच्या टेबलावर ठेवत आणि बदल्यात ती त्यांना पेन्सिल देई. जुन्या कागदपत्रांवर शाईचा डाग पडला की तो जन्माचा. पेन्सिलीचं निभावून नेता येतं.

सोमवारी दारात सुतार उभा राहिला. भिंतीला रॅक करायला आलेला.

“पेन इथे ठेवा,” ती मान वर न करता म्हणाली.

“पेन नाही. पेन्सिल आहे... कानावर.”

तिने पाहिलं. होती खरी. चपटी, लाल, बोटभर उरलेली. हसू आलं, ते तिने दाबलं.

त्या बोटभर पेन्सिलीने तो काय काय करी! फळी भिंतीला टेकवून भिंतीलगत पेन्सिल फिरवली, की भिंतीचं सुटलेलं पोट फळीवर उतरे. तिचा तीन वर्षं अडून बसलेला ड्रॉवर त्याने खाचेत शिसं घासून सुतासारखा सरळ केला.

“आणखी काय येतं हिला?”

“चहा ढवळता येतो.”

“शी!”

“रेघ मात्र फळीवर ठेवायची,” तो गंभीर झाला. “करवत रेघेच्या बाहेरून. रेघ कापून पडणाऱ्या तुकड्यावर गेली, की फळी तोकडी.”

शुक्रवारी काम संपणार, मग तो लांबच्या गावी जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आठवडाभरासाठी आलेल्या माणसात जीव अडकवण्याइतकी ती खुळी नव्हती. तरी गुरुवारी ती चारदा शिडी चढली. वरच्या कप्प्यातलं तिला काहीही नको होतं.

शुक्रवारी शेवटची फळी बसेना. करवतीच्या पात्याइतकी कमी. तिने खालचा तुकडा उचलला. रेघ त्याच्यावर होती.

नवी फळी यायला मंगळवार उजाडणार! म्हणजे तोवर तो इथेच.

“मुद्दाम कापलीत ना?”

“मुद्दाम?” त्याचा चेहरा पडला. “बारा वर्षांत एक फळी चुकली नाही हो. लाज वाटतेय मला.”

म्हणजे नुसतीच चूक. तिला एकदम वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

“मग चुकली कशी?”

तो हातावरचा भुसा झटकू लागला.

“काल कापताना तुम्ही... शिडीवर होतात.”

तिने तो तुकडा आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

“मंगळवारी मी बाहेर जाऊन बसू?”

“नको!” तो घाईने म्हणाला. “चुकली तर चुकली.”

“मग रविवारी घरी या,” ती म्हणाली, रोज पेन मागायची त्याच आवाजात. “तुम्ही मला आवडता, हे आईला सांगायचंय... एकटीला धीर नाही व्हायचा.”