लाड करणारं मशीन

तिची आणि मेकॅनिकची पहिली भेट झाली, तेव्हा तो ट्रेडमिलखाली घुसलेला होता आणि बाहेर दिसत होते फक्त त्याचे दोन पाय. तिनं त्या पायांनाच विचारलं, "लेग प्रेसवर आत्ता कुणी बसलं होतं का हो?"

"मी आल्यापासून इथं चिटपाखरू नाही," पाय म्हणाले.

"पण सीट... गरम आहे."

पायांमागून हळूहळू बाकीचा माणूस आला. गालावर वंगणाचा पट्टा, डोळ्यांत मिश्कील चमक. "हीटर बसवलाय म्हणावं, तर तेवढा शहाणा मेकॅनिक मी नाही."

ती हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा, असं तिचं तिलाच वाटून गेलं.

दुपारी तीनला जिममध्ये दोनच जातीची माणसं येतात. ज्यांना काम नसतं ती, आणि आपल्याला कुणी बघू नये असं वाटतं ती. ती दुसऱ्या जातीची. अग्निशमन दलातली, तिथं सगळे तिला शिडीवाली म्हणत, कारण शिडी लागली की पहिलं पाऊल हिचंच. एका जळत्या जिन्यावरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टरनं कागद दिला. पण दल कागदावर विश्वास ठेवत नाही. दहा आठवड्यांनी परीक्षा होती. सत्तर किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन तीन मजले उतरायचे. उतरली तर शिडी, नाही तर जन्मभर टेलिफोनचं टेबल. हे सगळं तिनं त्याला सांगून टाकलं.

"मग लेग प्रेसवर कशाला बसता? ते बार घ्या, ती वाळूची पोती घ्या," मेकॅनिक म्हणाला.

"पोतं पडतं. मशीन रुळावरून चालतं, पडत नाही."

"मशीन फिरवून आणतं हो. चालायला नाही शिकवत."

"मशीनवर पोट भरणाऱ्यानं असं बोलावं?"

"रोज यांची पोटं उघडतो ना. आतलं कळलं की प्रेम आटतं."

"सगळ्यांच्याच बाबतीत?"

"सगळ्यांचं आतलं अजून कुठं कळलंय..." असं म्हणून तो पुन्हा ट्रेडमिलखाली गेला. त्याचे कान लाल झालेले तिनं पाहून घेतले. असल्या नोंदी ती चुकवत नसे.

दुसऱ्या दिवसापासून एक गंमत सुरू झाली. ती यायच्या आधीच सीट चार नंबरवर असायची, बरोबर तिच्या मापाला. आणि वजनाची पिन दर आठवड्याला एक पाटी खाली. ऐंशी, नव्वद, शंभर... आणि तिला जमायचंही! पाय टेकवावा, दाबावा, की पाट्या अलगद वर. मांडी दुखत नव्हती, दमही लागत नव्हता. कुणीतरी आपला विचार करून पिन लावतंय, या विचारानं तिला रात्री छान झोप लागायची. कुणीतरी म्हणजे कोण, हे ठरवायला तिला फार वेळ लागला नाही.

चार आठवडे झाले. "आज एकशेवीस लावलंत तुम्ही," ती मानेवरचा घाम पुसत म्हणाली. पुसायला घाम नव्हताच, सवय म्हणून.

"मी?"

"लाजू नका. छान वाटतं मला."

हो म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि मिटलं. तेवढा प्रामाणिकपणा नडलाच. "मी या मशीनला हातच लावलेला नाही. दर महिन्याला कागदावर 'ठीक' लिहितो आणि पुढं जातो. याचा आवाज येत नाही ना... आणि आमच्यात आवाज नाही तर आजार नाही."

"मग पिन कोण..."

त्यानं पाना काढला. चार स्क्रू, मग पाठीमागचा पत्रा. आत वाकून पाहिलं, बोट फिरवलं, बोटावरची धूळ पाहिली.

"काय झालं?"

"केबल तुटलीये," तो अगदी हळू म्हणाला. "आज नाही. टोकावर वर्षभराची धूळ आहे. तुमचे पाय आणि त्या पाट्या... यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही."

"चेष्टा करताय."

"एकदा दाबा बरं."

तिनं दाबलं. तुटकी केबल तळाशी पडून होती, जरासुद्धा हलली नाही. आणि एकशेवीस किलोच्या पाट्या वर आल्या. सावकाश, आवाज न करता, झोपलेलं मूल उचलावं तशा. वर थांबल्या. ती काय म्हणते याची वाट बघत.

पाना खाली पडला. ती कशी उठली, हे तिला आठवत नाही.

काउंटरवरच्या मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "ते माझ्या आधीपासूनचं आहे. वाईट नाही गं ते. माया लावतं. मागं एक बाई यायच्या, त्यांचं फार करायचं. नंतर नंतर त्यांना जिनाही चढवेना. खालून त्यांची हाक आली, की वर सीट पुढं सरकायची."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? त्यांची कधी तक्रार नव्हती."

लाड करणारं माणूस असो की मशीन, त्याच्याविरुद्ध तक्रार कुणी करत नाही. तीच तर त्याची ताकद.

त्या दिवशी तिनं रिकामा बार खांद्यावर घेतला, खाली बसली, आणि उठताच आलं नाही. मेकॅनिकनं बार धरला. ती गुडघ्यांवर तशीच बसून रडली. "चार आठवडे काय केलं मी?"

"कौतुक करून घेतलंत. सहा उरलेत, उठा."

मग नुसत्या बैठका. भिंतीला हात लावून, मग हात सोडून. मग बार, मग पोतं. पोतं खरंच पडायचं, एकदा त्याच्या पायावर पडलं. "माणूस पाडायचाय की पुतळा उचलायचाय?" तो लंगडत विचारायचा. "जे आधी जमेल ते," ती म्हणायची. आणि पाठीमागं, कोपऱ्यात, सीट टक् करून पुढं यायची. चार नंबरवर. दोघंही ऐकायची, आणि ती पुढची बैठक मारायची.

त्या सहांतल्या पाचव्या आठवड्यात मांडी सुजली. तो यायला उशीर होता. ती फक्त टेकायला म्हणून गेली... सीट ऊबदार होती. पाय टेकवायची फळी आपणहून तळव्यांशी आली. दुखणं गेलं. मग पायच जाणवेनासे झाले, मग कंबर. किती बरं वाटत होतं! आता कुठं जायचं, कशाला जायचं...

"ए शिडीवाले! ऊठ तिथून!"

दारातून ओरडला होता तो. तिला आधी जाणवलं ते इतकंच, की हा आपल्याला अरेतुरे करतोय. त्या रागानं पाय जागे झाले. ती उठली.

"तू कुणाला ए म्हणालास?"

"तुला. पुन्हा बसलीस तर आणखी काय काय म्हणेन."

परीक्षेच्या आदल्या दुपारी सरावाला पुतळा नव्हता. मेकॅनिक म्हणाला, "मी आहे की. बहात्तर किलो, वंगणासकट." ती जरा लाजली, मग खांदा त्याच्या पोटाखाली घालून उठली. उठली! जिम तिसऱ्या मजल्यावर होती. पहिला मजला उतरून झाला. मांडी थरथरत होती, दात आवळलेले.

दुसऱ्या मजल्यावर तो हलका झाला.

एकदम नाही, कुणीतरी खालून हात लावावा तसा, हळूहळू. पोत्याएवढा, मग उशीएवढा. जिन्यात वारा नव्हता, पण तिच्या तळव्यांना ती ओळखीची ऊब लागली. वरपासून तिच्यामागं आली होती ती.

"शिडीवाले," तो पाठीवरून कुजबुजला, "मी काही केलेलं नाही हं."

"माहीत आहे." ती थांबली. रिकाम्या जिन्याला म्हणाली, "पुरे झालं. फार केलंस माझं. आता सोड याला. मला हा अख्खा हवाय."

काही क्षण काहीच घडलं नाही. मग वजन आलं, सगळंच्या सगळं, खांद्यात, पाठीत, जुळलेल्या हाडात. गुडघा वाकला, कठडा करकरला, ती कळवळली... आणि सरळ झाली. पायांखालची फरशी गार पडली होती.

"अख्खा हवाय, असं कुणाला सांगितलंस?" उलट्या तोंडानं त्यानं विचारलं.

"तुला नाही."

"मला ऐकू आलं."

"मग बोलू नकोस. बोललास की जड होतोस."

"एकच बोलतो. मलाही..."

"खाली गेल्यावर!"

शेवटच्या पायऱ्या तिनं मोजल्या नाहीत. खालच्या दारात ऊन होतं, माणसं येत-जात होती, बघत होती. उद्याचा पुतळा याच्यापेक्षा दोन किलोनं हलका, हे तिच्या लक्षात आलं, आणि उद्याची भीती संपली.

"पोचलीस की! आता ठेव ना मला," तो म्हणाला.

"थांब रे जरा," ती म्हणाली, आणि त्याला घेऊन तशीच उभी राहिली.