उत्तनहून आणलेला प्रोसेसर

पीसीचं कॅबिनेट कवेत घेऊन मी नया नगरला रिक्षातून उतरत होते, तेवढ्यात कॉम्प्युटरच्या दुकानातून एक तरुण धावत आला.

"द्या इकडे... जड असेल."

"जड नाही, बंद आहे!"

तो हसला. त्याचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता — आणि मी कॅबिनेट त्याच्या हातात देऊन टाकलं.

तो उत्तनचा डेन्झिल. मी मुर्ध्याची चांदणी, इमारतींची थ्रीडी चित्रं करते. पहिलं मोठं काम उद्या द्यायचं होतं, आणि हौसेने स्वतः जोडलेल्या वर्कस्टेशनचा नुसता पंखा फिरत होता. स्क्रीन काळी.

डेन्झिलने झाकण उघडलं. "प्रोसेसर बसलाय बरोबर, पण मदरबोर्ड त्याला ओळखत नाहीये. बोर्डातला बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, जुना; प्रोसेसर नवा."

"मग ओळख करून द्या ना!"

त्याने माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. "जुना प्रोसेसर लावून बायोस अपडेट करायला लागेल. माझ्या घरच्या पीसीत आहे. मी — आणतो. थांबाल?"

"थांबते."

त्याची स्कूटर उत्तनला निघाली. मी बरोबर आणलेलं मदरबोर्डचं पुस्तक चाळत बसले. पान एकोणीस: पेनड्राइव्ह लावा, मागचं बटण दाबा, बायोस आपोआप अपडेट होईल. जुना प्रोसेसर लागतच नाही! दुकानाच्या मालकांना विचारून त्यांच्या पीसीवरून पेनड्राइव्हमध्ये बायोसची फाइल घेतली, बटण दाबलं. दहा मिनिटांत माझ्या मशीनला जोडलेली दुकानातली स्क्रीन उजळली.

आता घरी पळायला हवं होतं. मी मशीन बंद केलं, झाकण लावलं आणि... बसून राहिले.

दीड तासाने डेन्झिल घामाघूम होऊन आला. स्वतःचा प्रोसेसर बसवला, मशीन चालू केलं आणि स्क्रीनकडे वाकून पाहिलं.

"बायोस तर नवाच आहे."

"पान एकोणीस," मी कबूल केलं. "तुम्ही गेल्यावर वाचलं."

"मग गेला का नाहीत? उद्या काम द्यायचंय ना?"

माझे कान तापले. "तुम्ही परत येणार होतात... म्हणून."

तो खाली मान घालून माझा प्रोसेसर परत बसवू लागला. "ते बटण... मला पण माहीत होतं."

"मग उत्तनपर्यंत कशाला गेलात?"

"शर्ट बदलायला."

आता मी नीट पाहिलं. कोरा निळा शर्ट, कॉलरला घडीची टाचणी तशीच. मी ती हलकेच काढली. तो श्वास रोखून उभा.

"उद्या दुपारी काम देऊन मोकळी होते मी," मी म्हणाले. "चार वाजता मुर्ध्याला ये. हाच शर्ट घाल."

'या' आणि 'घाला' म्हणायचं राहूनच गेलं. त्यानेही दुरुस्ती सुचवली नाही.