डोंगरासकट

ओहोटीला कालवं काढायला गेलेल्या रुक्मिणीनं सहज वर पाहिलं आणि तिच्या हातातली कोयती तशीच राहिली. समुद्रावरच्या तांबड्या कड्याला एक माणूस पालीसारखा चिकटला होता.

"खंय चललात?" तिनं खालून विचारलं.

"वर."

"वर काय आसा?"

"कायच नाय."

"पडलात तर भरती घेवन जायत, सांगून ठेवतंय."

"मगे तू बघत ऱ्हव. कोण बघता तेवा मी पडणंय नाय..."

आगाऊच होता मेला! पण रुक्मिणी बघत राहिली, हे खरं.

खाली उतरल्यावर त्यानं शिडं शिवणाऱ्या धोंडूचं घर विचारलं. "माज्या वांगडा येवा. मी तेंचाच चेडू," ती म्हणाली आणि घराच्या वाटेला लागली.

तो शंकर, मूळचा आरोंद्याचा. लहानपणी वैभववाडीला मामाकडे असताना घाटातले कडे चढायला लागला, ते वेड वयाच्या छत्तिशीतही सुटलं नव्हतं. मुंबईत गोदीत नोकरी. रजा मिळाली की सह्याद्री, साठली की हिमालय. तिथून दोनदा शिखर न गाठता परतला होता, एकदा तर डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्फात ठेवून. आता, एकसष्ट सालच्या चैत्रात, तिसऱ्यांदा निघायचं होतं. तंबू वाऱ्यानं फाटला होता, आणि वाऱ्याशी भांडणारं कापड शीड शिवणाऱ्यानंच सांधावं, असं त्याचं मत.

जन्मभर दर्यावर जाऊन, शिडं शिवून धोंडूची नजर अधू झालेली, त्यामुळे दाभण रुक्मिणीच्याच हातात असे. खरं तर आठवड्याचं काम. पण तिला घातलेली शिवण उसवून पुन्हा घालावीशी वाटू लागली आणि शंकरलाही घाई दिसेना.

"ह्या तंबूत कितके जण निजतत?"

"दोघां."

"दुसरो कोण?"

"असता कोणतरी घोरणारो."

ती हसली. मग खाली बघत म्हणाली, "लगीन कित्या नाय केलात?"

"सगळ्यांची एकच अट... डोंगर सोड." त्यानं तंबूची कड तिच्याकडे सरकवली. "आता सोडूचो म्हणतंय. ही शेवटची खेप. तुज्या बापाशीकडे तुका मागलंय गो... तेंकाही तसोच शब्द दिलंय."

दाभण रुक्मिणीच्या बोटात गेलं. तिला आनंद व्हायला हवा होता. आला तो राग. तिचा जीव जडला होता कड्यावरच्या माणसावर. त्याच्यातून डोंगर वजा केला तर उरणारा माणूस तिच्या ओळखीचाच नव्हता. पण दोन पुरुषांत शब्द झालेला. तिला विचारतो कोण?

जायच्या दिवशी धोंडू त्याला देवळात घेऊन गेला. दूरच्या वाटेला निघालेल्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालायची गावाची रीत. गावचा मानकरी, गावकर भिकाजी एकेक मागणं मागे आणि जमलेले सगळे म्हणत, "व्हय म्हाराजा." त्या देवळात 'नाही' कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, ह्यो शंकर हिमालयात चललो हा, तेका सुखरूप परत हाड रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" रुक्मिणीचा आवाज सगळ्यांत वर होता.

धोंडू भिकाजीच्या कानाशी लागला.

"आणि परत इल्यार तेच्या डोक्यातला डोंगराचा याड काढून टाक रे म्हाराजा..."

"व्हय म्हा—"

"नाय म्हाराजा."

धोंडू गर्रकन वळला. "खुळावलंस काय गो?"

रुक्मिणी दोन पावलं पुढे आली. "बाबा, तुमी जल्मभर दर्यार गेलात. आवशीन कधी जाव नको म्हटल्यान? माका ह्योच घो होयो. पण डोंगरासकट होयो."

धोंडूनं मान खाली घातली. मग हळूच भिकाजीला म्हणाला, "घाल... चेडू म्हणता तसाच गाऱ्हाणा घाल."

भिकाजीनं नारळ पुन्हा उचलला. "बा देवा म्हाराजा, चेडवाक घो होयो तो डोंगरासकट होयो. तसोच दी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सारं देऊळ म्हणालं. एकटा शंकर ते म्हणायचं विसरून रुक्मिणीकडे बघत राहिला.

पायऱ्या उतरताना तंबूचं गाठोडं त्याच्या खांद्यावर देत रुक्मिणी पुटपुटली, "पुढच्या खेपेक तंबूत तो घोरणारो नको. माका न्हेवा."

शंकर थबकला. तिच्याकडे बघून त्यानं हात जोडले.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.