मिलच्या दाराची कडी

"रात्री निजताना दाराची कडी कुठून लावता रे तुम्ही?"

सुरतच्या पांडेसऱ्यात लाईट गेली होती. लोटूआबांनी ओट्यावर बिडी विझवली आणि पोरांकडे पाहिलं.

"आतून, आबा," चेतन हसला. "बाहेरून लावली तर आत कोण निजणार?"

"लावतात. याच सुरतेत लावतात. आत आपलेच लोक असतात." आबांचा आवाज चढला. "भेस्तानच्या सुकदेवनानाला विचारा. तो खोटं बोलत नाही, म्हणून सांगतो."

नूतनने पाय वर घेतले. आबा सांगू लागले.

"नदीकडच्या जुन्या मिलचे आता फ्लॅट झालेत ना? तिथे सुकदेव माग चालवायचा. शेजारच्या मागावर भिकन. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून दोघं नुसते ओठ हलवून बोलायचे. मुकादमाला शिव्याही तशाच द्यायचे, तो समोर उभा असताना."

गजेंद्र खुदकन हसला. आबा हसले नाहीत.

"रातपाळीला मालक बाहेरून कडी घालून कुलूप लावायचा. कापड चोरीला जाईल म्हणे. एका रात्री वायरची ठिणगी पडून आत आग लागली. सुकदेवची त्या आठवड्यात दिवसपाळी होती, वाचला. भिकन आत होता, सगळ्या रातपाळीसकट. लोक म्हणाले, विजेने मेले बिचारे. विजेने नाही रे भो! कडीने मेले ते."

गजेंद्र पुढे सरकला.

"पुढे मिल बंद पडली. सुकदेव सुतारकाम शिकला. मग एका बिल्डरने मिल घेतली आणि आत फ्लॅट काढायला घेतले. भिंती जुन्याच ठेवल्या. ते सागवानी दारही ठेवलं, लोखंडी कडीसकट. जुन्या दाराने बिल्डिंगला शान येते म्हणे! शहाण्णव साली दिवाळीनंतरच्या लाभपाचमेला बुकिंगचा मुहूर्त होता. आदल्या संध्याकाळी सुकदेवला दार आतून पॉलिश करायला बोलावलं. दिवाळीची सुट्टी, सगळे कारागीर गावाला गेलेले. हा एकटाच.

"निघताना तो बिल्डर शेठ म्हणाला, 'मिस्त्री, अंदर पीतल का सामान पडा है. ताला मार के जाता हूँ. सुबह खोल देंगे.'

"सुकदेव म्हणाला, 'शेठ, हात जोडतो. दुसरा कोई भी दरवाजा बंद करो, ये मत करो.'

"'क्यों, भूत है क्या?' शेठ हसला. कडी पडली. कुलूप लागलं. गाडी निघून गेली."

आबांनी बिडी चाचपली, पण पेटवली नाही.

"मध्यरात्र उलटली. लोंबत्या वायरने ठिणगी टाकली. खाली थिनरच्या चिंध्या. भडकल्या. बल्ब गेला. सुकदेवने बांधकामाची वाळू ओतली, पण धूर आवरेना. बाकीच्या वाटा नव्या विटांनी बुजवलेल्या. त्याने दार ठोकलं. ओरडला. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"मग... त्याच्या शेजारी आणखी कोणीतरी दार ठोकू लागलं."

"कोण, आबा?" नूतन पुटपुटली.

"हात. खूप हात. सगळं दार हादरत होतं. त्याने मान वळवली. जाळाच्या उजेडात एक चेहरा. भिकन. ओठ हलत होते... आवाज नाही."

नूतन चेतनला खेटून बसली.

"सुकदेवला ते ओठ कळायचे. भिकन विचारत होता... 'बाहेरून?'

"सुकदेवने 'हो' म्हणून मान हलवली.

"'अजून?... अजून बाहेरूनच?'"

आबांची मूठ वळली होती.

"सुकदेव म्हणतो, जाळाची वाटली नाही एवढी भीती त्या तोंडाची वाटली. माणूस जिवंतपणी इतका चिडत नाही. जिवंतपणी त्याला परवडत नाही."

"मग?"

"धूर. काळोख. सुकदेव दाराला टेकून खाली घसरला. तळव्याला काहीतरी लागलं. लोखंड. एवढ्या धगीत... थंडगार. त्याने ओढलं. दार उघडलं."

चेतन कसाबसा म्हणाला, "पण आबा, कडी तर बाहेर..."

आबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"सकाळी शेठ किल्ली घेऊन आला. सुकदेव पायरीवर बसला होता. कुलूप उंबऱ्यावर पडलं होतं, लागलेलंच. दाराला बाहेरून कडी नव्हती, खिळ्यांची भोकंही नव्हती. कडी आतल्या बाजूला होती, जुन्या गंजक्या खिळ्यांनी ठोकलेली."