दोरावर समोरून आलेला

बुरान, म्हणजे बर्फाचं वादळ, सुटून दुसरा दिवस लागला होता, पण मेंढ्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. दुपारचे बारा वाजले की त्यांना गवत हवं असे. सपरगालीने कातड्याचा कोट चढवला, लोकरीच्या बुटांत पाय कोंबले आणि कमरेचा पट्टा आवळला. घरापासून मेंढवाडा साठ पावलांवर. मध्ये दोर ताणलेला. कझाकांच्या त्या उघड्या गवताळ मुलखात पहिलं बर्फ पडायच्या आत हा दोर बांधून होतो. मागे एका पशुवैद्याने, साठ पावलांना दोर कशाला, असं विचारलं होतं. तो वसंतात सापडला, मेंढवाड्यापासून चार पावलांवर. शिकलेला माणूस होता.

सपरगालीची बायको कुल्याश चुलीपाशी पीठ मळत होती. नाकावर रुमाल बांधला का, असं तिने मान वर न करता विचारलं. बांधला म्हणून त्याने सांगितलं. तो खिशात होता.

"दोर सोडू नका," ती म्हणाली.

"चाळीस वर्षं हेच सांगतेस."

"चाळीस वर्षं जिवंत आहात ना?"

तो बाहेर पडला.

बाहेर ना दिवस होता, ना रात्र. नुसतं पांढरं होतं, आणि ते सगळं आडवं धावत होतं. वर आभाळ नाही, खाली जमीन नाही. आपण उभे आहोत हे पायांनाच काय ते माहीत. सपरगालीने रुमाल बांधला आणि एक हात पुढे, एक मागे, असा दोर धरून तो सरकू लागला. वीस पावलं झाली. तीस झाली. मग हातातला दोर हलला.

वाऱ्याने दोर थरथरतो. हा तसा हलला नाही. पलीकडून कुणीतरी हात टाकत येत असावं तसा, थांबून थांबून हलला.

मेंढवाड्यात माणूस नव्हता. पण वादळात वाट चुकलेला कुणी तिथे शिरला असेल, गुरांच्या उबेला बसला असेल, असं त्याने मनाशी जुळवलं. दोरावर दोघं भेटले की आपलं आणि बापाचं नाव ओरडून सांगायचं, अशी तिथली रीत. म्हणजे पुढे कोण सापडला नाही, याचा हिशेब लागतो. सपरगाली घसा फोडून ओरडला, "सपरगाली, झुमाबेकचा!" त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

समोरचा मात्र ओरडला नाही. चुलीपाशी बसून बोलावं तसा म्हणाला, "मीपण."

आणि ते स्वच्छ ऐकू आलं.

घराकडे जाणाऱ्याचा मान पहिला, हीही रीतच. रीतीच्या बाबतीत सपरगाली पक्का. तो बाजूला झाला, एका हाताने दोर धरून. तो माणूस त्याच्या पट्ट्याला धरून, अंगाला अंग घासून पुढे गेला. त्याला कसलाच वास नव्हता. मेंढरांच्या मुलखात, लोकरीच्या कोटात, वास नसलेला माणूस...

मेंढवाड्याच्या दाराशी बर्फ कमरेइतकं साचलं होतं. त्याने दाराशी टांगलेल्या फावड्याने उपसलं, बराच वेळ उपसलं, तेव्हा दार किलकिलं झालं. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की या दारातून कालपासून कुणीच बाहेर आलेलं नाही.

त्याने गवत टाकलं नाही. दोराला धरून तो पळत निघाला. म्हणजे पळतो आहे असं त्याला वाटत होतं. बुरानात घराच्या दाराला कडी लावत नाहीत. येणाऱ्याला कोण म्हणून विचारत नाहीत. आणि कुल्याश घरात एकटी होती.

त्याने दार ढकललं. कुल्याश जमिनीवर बसली होती, पुढ्यात कोमट पाण्याचं घमेलं. तिने मान वर केली नाही.

"अर्धा तास हात पाण्यात ठेवा म्हटलं तर झोप येते म्हणालात. गारठून आल्यावर झोपू नये, हे पोरांनाही कळतं. आणि आता परत बाहेर कुठे..."

मग तिने वर पाहिलं. त्याच्या भुवयांवरचं बर्फ पाहिलं. मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार ओढलेलं होतं.

"कोण आलं होतं?" त्याने रुमालाआडून कसंबसं विचारलं.

"तुम्ही."

चूल धगधगत होती. तरी घमेल्यातल्या कोमट पाण्यावर बर्फाची काचेसारखी पापडी धरली होती.

त्या मुलखात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. चाळीस वर्षांत कुल्याशने ते घेतलं नव्हतं. पोरांवर ओरडतानाही नाही, त्याला इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरने विचारलं तरी नाही; कागदावर लिहून दिलं होतं. ती उठली, त्याच्यापासून दोन पावलं मागे सरली आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"सपरगाली."

त्याने ओ द्यायला तोंड उघडू पाहिलं. रुमाल ओठांना गोठून चिकटला होता.

"ओ," आतल्या खोलीतून आवाज आला.

बाहेर जायची सोय नव्हती. बाहेर अर्ध्या तासात माणूस संपतो. आतल्याला हाकलायचीही नव्हती. वादळातून आलेल्याला हाकलत नाहीत. दोघं चुलीपाशी बसून राहिले. तो इकडे, ती तिकडे, मध्ये चूल. संध्याकाळी कुल्याशने रोटी आणि चहा त्या दाराशी ठेवला. पाहुणा तो पाहुणा. सकाळी रोटी नव्हती, चहा वाडग्यासकट गोठला होता. त्या दीड दिवसात तिने एकदाही डोळा लागू दिला नाही, आणि तिची नजर त्या दारापेक्षा सपरगालीवरच जास्त होती.

चौथ्या दिवशी वारा पडला. खोली उघडली तर रिकामी. खिडकी आतून बंद. अंथरूण नीट घडी घातलेलं.

मेंढ्या वाचल्या, नऊ सोडून. ही गोष्ट त्या दोघांनी कुणाला सांगितली नाही. फरक पडला तो एवढाच, की कुल्याश आता नवऱ्याला सरळ नावाने हाक मारते, चारचौघांत, दिवसातून दहादा. म्हातारीने लाज सोडली, असं शेजारणी म्हणतात. सपरगाली ओ देतो.

त्याने ओ दिली तरी ती लगेच काही बोलत नाही. कान देऊन थोडा वेळ तशीच थांबते. आणि हल्ली तोही थांबतो.