बासरीच्या आधीचा खोकला

आईशप्पथ सांगतो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. म्हणजे, मी तिथे नव्हतो. पण झाडू होता, आणि झाडू खोटं बोलत नाही; निदान पोट भरलेलं असताना तरी नाही.

झाडू म्हणजे आमचा मित्र. जुन्या रेकॉर्डिंगमधली खरखर झाडून काढणं हा त्याचा धंदा. त्यातही जीव जुन्या फ्रेंच ऑर्केस्ट्रांवर. त्यांचा हॉर्न, म्हणजे ते गोल वळलेलं पितळी वाद्य, म्हणे गळा दाटून आल्यासारखा थरथरतो. आम्हाला तो सर्दी झाल्यासारखा वाटतो, पण आम्हाला कोण विचारतंय.

तर, त्याच्या मावशीकडे अशाच एका फ्रेंच ऑर्केस्ट्राच्या मैफलीची टेप होती. नवीन लग्न झालेलं असताना ती आणि काका त्या मैफलीला गेले होते. काका आता नाहीत. टेप इतकी जुनी, की वाजता वाजता तिचा तपकिरी भुगा पडायचा.

"मावशी, यांचीच स्टुडिओतली रेकॉर्ड मिळते. एकदम गाजलेली. ती आणू?"

"हीच हवी," मावशी म्हणाली.

झाडूने टेप एकदाची शेवटची वाजवून कॉम्प्युटरवर घेतली; नंतर तिचा नुसता भुगाच उरला. खरखर काढली. एका जागी व्हायोलिनं हळूहळू विरत जातात, आता बासरी एकटी सुरू होणार, आणि नेमकं तेव्हाच श्रोत्यांत कुणीतरी खोकलं होतं. खॉक्, खॉक्. झाडूने तो खोकला असा अलगद उचलला, की शिवणसुद्धा दिसेना. खुशीत येऊन त्याने मूळ फाइलवरच सेव्ह केलं.

भर दुपारी तो मावशीकडे गेला. पडदे ओढलेले. बामाचा आणि जुन्या लाकडाचा वास. मावशी डोळे मिटून ऐकत होती. शेजारी काकांची खुर्ची रिकामी. व्हायोलिनं विरली. बासरी सुरू झाली.

मावशीने डोळे उघडले.

"खोकला कुठे गेला?"

"काढला ना! कुणीतरी अडाणी मेला..."

"तुझे काका होते ते."

काकांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. ना कॅसेटवर, ना कुणाच्या फोनमध्ये. उरला होता तेवढा त्या दोन खोकल्यांत.

"परत घालता येईल ना रे?"

"मावशी... मूळ फाइलच पुसली मी."

मावशी म्हणाली, "पुन्हा लाव."

त्याने लावलं. व्हायोलिनं विरत गेली. बाहेर रस्ताही जणू थांबला.

खॉक्, खॉक्.

स्पीकरमधून नाही. खुर्चीतून.

झाडू दाराकडे सरकला. मावशी मात्र वैतागली.

"शू! तेव्हाही चारचौघांत मान खाली घालायला लावलीत... जरा कळ काढता येत नाही?"

खुर्ची करकरली. कुणीतरी ओशाळून सावरून बसावं, तशी. बासरी सुरू झाली, आणि मावशीने पुन्हा डोळे मिटले.

"राहू दे रे," ती झाडूला म्हणाली. "आलेत घरी."

झाडूने घरी येऊन फाइल तपासली. खोकला नव्हताच. पण जिथे त्याने स्वतःच्या हाताने शांतता शिवली होती, तिथे, त्या भरलेल्या सभागृहात, एक बाई दबक्या आवाजात "शू!" म्हणते. नव्या नवरीच्या आवाजात नाही... मावशीच्या आजच्या, म्हाताऱ्या आवाजात.

फाइल आहे माझ्याकडे. ऐकवतो की. पण आधी चहाचं बिल तुम्ही द्या. फुकटात घाबरवायला मी काय तुमचा नातेवाईक आहे?