डावी टाच

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. जिच्यासोबत हे घडलं ती टॅम्सिन आजही ब्रिस्बेनलाच राहते, आणि आजही नीट झोपत नाही.

ऑगस्टमधला मंगळवार. भर दुपार, तीन वाजून दहा मिनिटं.

घोड्यावरून पडल्याला दोन वर्षं झाली होती. टॅम्सिनचं कंबरेखालचं अंग तेव्हापासून तिचं राहिलंच नव्हतं. संशोधनासाठी तिच्या मणक्यात बारीक तारांची पट्टी बसवली होती. करंट सोडला की पाय हलायचे. घरी तीन वर्षांची लेक पिपा होती. एकदा तरी तिच्यामागे अंगणात धावायचं... बस, एवढंच टॅम्सिनला हवं होतं.

प्रयोगशाळेचा एक नियम होता. पाय हलला की डॉक्टर हेलन विचारायच्या, "कोणी?"

"यंत्राने" किंवा "मी". खरं तेच सांगायचं.

मधूनच त्या गुपचूप करंट बंद करत. तरीही तिने स्वतः पाय हलवला, तर नसा पुन्हा जुळू लागल्या म्हणायच्या.

त्या दिवशी ती छताच्या रुळाला टांगलेल्या पट्ट्यांत उभी होती. डॉक्टर पडद्याआड, यंत्रापाशी.

"बाईसाहेब, पळून जाऊ नका हं," पट्टे आवळत इओआने म्हणाला. तिचे व्यायाम तोच घ्यायचा.

"पळाले तर आधी तुलाच तुडवीन."

दोघं हसले.

आणि मग...

टक्. टक्.

तिची डावी टाच जमिनीवर दोनदा आपटली.

इओआनेचं हसू विरलं.

पाय चालू लागले. एक पाऊल. दुसरं. तिने हलवले नव्हते. तिला थांबवताही येईनात. पट्ट्यांत अडकलेलं तिचं धड नुसतं मागून ओढलं जात होतं.

"थांबव ना रे!" ती कुजबुजली.

"टॅम... करंट बंद आहे. तुझ्या पाठीमागचा करंटचा दिवा बघ."

दिवा विझलेला होता.

रूळ संपला तिथे खिडकी होती. पाय तिथेच थांबले. टाचा उचलल्या गेल्या... खाली वाकून बघावं तशा.

खाली गाड्या लावायची रिकामी जागा.

"वॉरिक," इओआने खिडकीकडे बघत म्हणाला. "तुझ्याआधी या पट्ट्यांत तोच असायचा. मेंढ्यांची लोकर कापायचा. टाच दोनदा आपटल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. इथेच थांबायचा... खाली गाडीत त्याचा कुत्रा असायचा."

"असायचा म्हणजे?"

"जूनमध्ये न्यूमोनियाने गेला. कुठल्या तारेतून किती करंट सोडायचा, ती यंत्रातली त्याचीच मांडणी मी तुला लावली गं. नवी करायला तीन आठवडे जातात."

"पण यंत्र तर बंद आहे ना?"

इओआने पुन्हा त्या विझलेल्या दिव्याकडे बघू लागला.

पडदा सरकला. डॉक्टर धावत आल्या, डोळे आनंदाने भरलेले. "टॅम्सिन! करंट बंद होता! सांग, कोणी?"

'मी नाही' म्हटलं की चाचणी थांबणार. पट्टी निघणार. अंगणात पिपा एकटीच धावणार.

"मी," टॅम्सिन म्हणाली.

तिने खाली पाहिलं. उघड्या पायांची बोटं हळूच आखडली... मग सैल झाली. कुणीतरी सुस्कारा सोडावा तशी.

त्यानंतर रोज तीन वाजून दहा मिनिटांनी चाकांच्या खुर्चीला पट्ट्याने बांधलेले तिचे पाय तो पट्टा ताणतात. मणक्यातली पट्टी काढा, असं आता सांगायचं कुठल्या तोंडाने? आणि पिपाने "आई, ये ना!" म्हणून हाक मारली, की जीव खाऊन प्रयत्न करूनही अंगठासुद्धा हलत नाही.

काल पिपा अंगणात धावायला निघाली. थबकली.

टक्. टक्.

डावी टाच.

माझंच पाहून शिकली असेल, असं टॅम्सिन स्वतःला समजावते.

पण घरी टॅम्सिनचे पाय पट्ट्याबाहेर कधी नसतातच.